शेट मात्र देवमाणूस

डिचोलीच्या बाजारात गोकुळदास शेटचे टायरचे दुकान होते. खाणी बंद पडून दुसरे वर्ष लागले, तरी शेटच्या कपाळाला आठी पडली नव्हती. कशाला पडेल? खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची थकलेली उधारी ते आपल्या नोकराच्या, सगुणच्या पगारातून दरमहा कापून घेत होते.

त्या दिवशीही पगाराचे पाकीट अर्धेच आले.

"शेट, शांतारामाक टायर देवक तुमीच सांगितलात मा?" सगुणने धीर करून विचारले.

"माल कोणाच्या हातान गेलो? तुझ्या. शांताराम शेजारीसुद्धा तुझोच. वसूल कर आणि पगार पुरो घे."

घरी बायकोने, रुक्मिणीने पाकीट पाहिले आणि तोंड फिरवले. मुलगी नर्सिंगला होती. "चेडवाची नर्सिंगची फी भरूची आसा. काय ता बघा."

सगुण तसाच शांतारामच्या घरी गेला. अंगणात बंद ट्रकवर वेली चढल्या होत्या. शांतारामची बायको जानकी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. त्या घरात आता तेवढीच कमाई होती. पैसे नाहीत म्हटल्यावर सगुण चिडला, नको ते बोलला आणि रिक्षा बोलावून शेटच्या दुकानात न्यायला मशीन उचलली.

"भाऊ, मशीन नेलास तर आमी खावचा काय?" जानकी रिक्षामागून धावली. ज्या बाईने त्याच्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवले, तिच्याकडे त्याने वळूनही पाहिले नाही. पोटावर पाय आला की माणूस शेजाऱ्याच्याच पोटावर पाय देतो. शेटना हेच तर हवे होते.

दुसऱ्या दिवशी जानकी दुकानात येऊन रडली. गिऱ्हाइके जमली. गोकुळदास शेट गादीवरून उठले.

"अगे, मी कधी मागलंय तुझ्याकडे? ह्या सगुणाचा काळीज दगडाचा! घेऊन जा तुझी मशीन."

लोकांचे डोळे पाणावले. देवमाणूस! सगुणला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आतून काहीतरी पेटलेही.

"मशीन दिलात, बरा केलात शेट," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "आता माझो कापलेलो पगार पण द्या."

"उद्यापासून येव नको!" देवमाणूस कडाडला.

सगुण मजूर खात्यात गेला. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितले, मालकाने दिलेली उधारी बुडाली तर ते नुकसान मालकाचे. नोकराच्या पगारातून ते कापता येत नाही. तक्रार करा, साक्षीदार मिळाला तर उत्तम.

दुकानातले बाकीचे नोकर साक्षीला तयार झाले नाहीत. सगुण शेवटी जानकीच्या दारात उभा राहिला. त्याने आधी हात जोडून माफी मागितली, मग त्या दिवशी दुकानात जे ऐकले ते साक्षीत सांगशील का, असे विचारले.

जानकीने मशीन थांबवली. "भाऊ, तुमी मशीन नेलास. शेटान ती परत दिल्यान. तेंच्या विरोधात मी काय म्हणान सांगू?"

तिचे काही चुकले नव्हते. शेटची दया तिला दिसली होती. ती कोणाच्या पगारातून झाली, हे तिला दिसत नव्हते.

सोमवारी सगुणने एकट्याने तक्रारीवर सही केली. वाचकहो, त्याच्या बाजूने बोलायला त्या गावात अजून कोणी उठलेले नाही. आणि शेटच्या दुकानात नवा नोकर लागला आहे, तुमच्या-आमच्यापैकीच कोणाचा तरी मुलगा.