विनाचर्चा मंजूर

कॉलेजच्या बोर्डावर आमच्या वस्तीचा एक माणूस घ्यायचं ठरलं, तेव्हा नेरिसचं नाव मीच पुढे केलं. नेरिस माझी शेजारीण. केस कापायचं दुकान चालवते, आणि तिच्या तोंडी लागायला आख्खं खोरं कचरतं. आम्हाला एवढंच हवं होतं, की जुन्या चॅपलमधला कॉलेजचा वर्ग आणि त्याला लागून असलेलं पाळणाघर चालू राहावं. त्या वर्गात मी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होते, आणि भिंतीपलीकडे माझी एफा मूठ गालाखाली घेऊन झोपायची. पाळणाघर गेलं की माझा अभ्यास गेला.

बोर्डाच्या सभेत मागच्या खुर्चीवर कुणीही बसावं, फक्त बोलायचं नाही. एफाला मांडीवर घेऊन मी बसले. टेबलावर चहा होता, मनुका घातलेले तव्यावरचे केक होते. नेरिसने मला डोळा मारला.

अध्यक्ष प्रॉसर म्हणजे निवृत्त वकील, आवाज लोण्यासारखा. "चार ते नऊ नंबर, विनाचर्चा मंजुरीचे विषय. सगळ्यांना मान्य? छान."

त्यांनी पान उलटलं. सगळ्यांनी उलटलं. नेरिसनेही उलटलं.

मग गाड्या लावायच्या जागेवरून वादावादी सुरू झाली. पांढऱ्या रेघा तिरक्या की सरळ, यावर शिकलीसवरली माणसं हमरीतुमरीवर आली. एफाने माझ्या बोटाचा चावा घेऊन पाहिला, कंटाळली, झोपली. नेरिस हात बांधून आपल्या विषयाची वाट बघत होती.

शेवटी प्रॉसर म्हणाले, "आणखी काही?"

नेरिस उभी राहिली. तिथे कुणी उभं राहून बोलत नाही. "चॅपलच्या पाळणाघराचं कधी घेणार?"

"सात नंबर," प्राचार्यबाई हळूच म्हणाल्या. "तो झाला."

"झाला म्हणजे?"

"मंजूर झाला. जुलैत पाळणाघर बंद, वर्गही."

"अहो, पण कुणी ब्र तरी काढला का?"

"नेरिस," प्रॉसर समजावणीच्या सुरात म्हणाले, "त्यातल्या एखाद्या विषयावर बोलायचं असेल, तर सभेच्या आधी कळवायचं असतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला कुणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मग आता विचारते! उघडा तो विषय."

कुणीतरी खोकलं. प्रॉसरनी केकची थाळी तिच्याकडे सरकवली. "एकदा ठरलं की बाहेर सगळ्यांनी एका तोंडाने बोलायचं, ही इथली रीत. आणि वस्तीतल्या बायकांना तुम्हीच सांगा ना. तुमच्या तोंडून त्यांना कमी लागेल."

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. मांडीवर एफा झोपली होती, आणि खुर्ची मागची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरिस पाळणाघरात आली. आम्ही पोरांचे कोट काढत होतो. तिने जुलैचं सांगितलं. ज्याला शिकायचं असेल त्याला शहरातल्या इमारतीत जागा आहे, हेही सांगितलं. शब्द प्रॉसरचे होते, तिच्या तोंडात ते दुसऱ्याच्या कवळीसारखे वाटत होते.

"केक कसे होते गं?" डेलिथने विचारलं. तिला जुळी आहेत. "गोड होते ना? म्हणून तोंड उघडलं नसेल."

"अगं, ती भांडली," मी म्हणाले. "मी होते तिथे. ती उभी राहून..."

"लोरी, गप्प बस," नेरिस म्हणाली. "आत काय झालं ते बाहेर सांगायचं नसतं मला."

"तुला नसतं. मला कोण अडवतंय?"

"तू सांगितलंस तर ते माझ्यावरच येणार. मला काढतील. मग त्या टेबलाशी आपलं कोण उरणार?"

डेलिथ हसली. "आत्ता आहे का कुणी?"

नेरिस माझ्याकडे वळून म्हणाली, "शहरातल्या वर्गात तुझं नाव घालू?"

"आणि एफा? तिला कुठे घालू?"

एफाला वाटलं, आपल्याला हाक मारली. तिने नेरिसकडे हात पसरले. नेरिसने तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

भिंतीपलीकडे वर्ग सुरू झाला होता. मी एफाला तिच्याकडून परत घेतलं आणि नुकताच काढलेला कोट तिला पुन्हा चढवला.