नाकासमोर न चालणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. तीन फळ्या, चार चाके आणि एक वाकडी खोड, एवढाच माझा संसार.

खोड मला जन्मापासूनची आहे. कारखान्यात माझी चाके बसवत असताना कारागिराला कोणीतरी चहाला हाक मारली. तो उठला, आणि माझे पुढचे डावे चाक थोडे तिरके राहिले ते राहिलेच. मी त्याला दोष देत नाही. पण तेव्हापासून मला कोणीही कुठेही ढकलले, तरी मी हळूच डावीकडे वळते. नाकासमोर चालणे मला कधी जमले नाही.

माझी उमेदीची वर्षे एका ग्रंथालयात गेली. वाचकांनी परत केलेली पुस्तके मी त्यांच्या कपाटांपर्यंत पोहोचवत असे. ओझे कितीही असो, मी कुरकुरले नाही. म्हणजे कुरकुरले, पण थांबले नाही. इतिहासाकडे निघालेली मी पुष्कळदा बागकामाच्या कपाटावर जाऊन आदळायचे. ग्रंथपाल हसून म्हणायच्या, "हिला फुलांची आवड आहे." तेवढ्या कौतुकावर मी खूश असे.

मग नव्या गाड्या आल्या. सरळ चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या. माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे एक मोडकी छत्री माझी शेजारीण होती. तिच्याशी बोलण्यासारखे फार नव्हते.

एके दिवशी एक बाई मुदत उलटलेली पुस्तके परत करायला धापा टाकत आल्या. त्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत. पुस्तके द्यायची सोडून त्या जिन्याखाली वाकून माझ्याकडेच बघत बसल्या.

"न्यायची तर न्या," ग्रंथपाल म्हणाल्या, "पण सरळ चालत नाही हं ती."

"मग आमचं जमेल," चित्रकारबाई म्हणाल्या.

आमचे खरोखरच जमले. त्यांच्या घरी एकच मोठी खोली कामाची होती. टेबलावर चित्र, चित्रावर रंगीत दोऱ्यांचे रीळ, रिळाशेजारी मातीचा गोळा, आणि या सगळ्यांच्या मधोमध विसरलेला गार चहा. बाई चित्र काढता काढता भरतकामाला लागायच्या, भरतकाम करता करता पुठ्ठ्याच्या बाहुल्यांना, आणि तेवढ्यात गॅसवरचे दूध उतू जायचे. त्यांना सगळेच येत होते आणि सगळेच अर्धे राहत होते. डॉक्टरांनी त्यांना मोठेपणी सांगितले होते, की हा आळस नव्हे, लक्ष हवे तिथे टिकून न राहण्याचा त्रास आहे. गोळ्या सुरू झाल्या, डोक्यातला गलबला बराच शमला. पण कामाची घडी गोळी बसवत नाही, ती आपली आपल्यालाच बसवावी लागते.

त्या गोळ्या बाईंची ताई आणून द्यायची. तिचे औषधांचे दुकान होते. तिच्या दुकानात प्रत्येक गोळीला खण होता आणि प्रत्येक खणाला नाव. बहिणीच्या खोलीत पाऊल टाकले की तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "तुझ्याकडे कात्री मागायची म्हणजे आधी उत्खनन करावं लागतं," ती म्हणायची.

मी आल्यावर बाईंनी सगळा पसारा माझ्यावर रचला. ताई म्हणाली, "छान. आता पसाऱ्याला चाकं लागली."

मित्रांनो, बाईंना एक लेक होती. सगळे तिला चिमणी म्हणत. शाळेतल्या बाई सांगायच्या, की चिमणी हुशार आहे, पण धडा चालू असताना खिडकीबाहेर असते. लेक झोपली की तिच्याकडे बघत चित्रकारबाई पुटपुटायच्या, "माझं झालं ते झालं. हिचं नको व्हायला."

अशातच एका पुस्तकाचे काम आले. एक नावाडी आणि त्याच्या होडीत झोपायला येणारे बदक, अशी गोष्ट होती. सगळी चित्रे झाली. राहिले ते शेवटचे पान. त्यात बदक पाठीत चोच खुपसून झोपते आणि नावाडी वल्हे न वाजवता होडी नेतो. ते झोपलेले बदक काही केल्या जमेना. प्रकाशकबाई चित्र बघून म्हणाल्या, "हे बदक नाही वाटत हो, पालथी वाटी वाटते. आणि एक सांगू का? मागच्या दोन्ही पुस्तकांना उशीर झाला. या वेळीही झाला तर उरलेलं काम मला दुसऱ्याकडे द्यावं लागेल. मला ते आवडणार नाही."

ताईने हे ऐकले आणि पदर खोचला. "पुरे झाल्या तुझ्या चार वाटा. हे पुस्तक होईपर्यंत एकच काम." दोऱ्या, माती, पुठ्ठे, लाकडाचे तुकडे, सगळे पोत्यांत भरून माळ्यावर गेले. मी गॅलरीत गेले. तिने हे मायेने केले, यात मला शंका नाही. जाताना टेबल पुसून त्यावर एक कागद आणि एक पेन्सिलही ठेवून गेली.

गॅलरीच्या दारातून मला सगळे दिसत होते. बाई त्या स्वच्छ टेबलाशी बसल्या. पेन्सिलीला टोक केले. मग टेबलाच्या लाकडावरच्या रेषा मोजल्या. पुन्हा टोक केले. पेन्सिल बोटाएवढी उरली, पण कागद कोरा तो कोराच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकबाईंना फोन लावायला घेतला. "कळवून टाकते," त्या डोकावायला आलेल्या ताईला म्हणाल्या, "द्या म्हणावं दुसऱ्याला. मला एकही काम धड येत नाही."

नेमक्या त्याच वेळी चिमणीने मला गॅलरीतून खोलीत आणले. माझ्या वरच्या फळीवर तिची बाहुली होती, मधल्या फळीवर एक पांघरूण, आणि बाकीची खेळणी तळाला. "बाहुली आजारी आहे," ती म्हणाली, "तिला खिडकीपर्यंत फिरवून आणते."

"अगं, ती गाडी भिंतीवर जाईल," आई म्हणाली आणि घाईने माझा दांडा घट्ट धरला. मी अर्थातच डावीकडे गेले आणि टेबलाच्या पायावर आदळले.

"आई, घट्ट नको ना धरू. मग ती जास्तच वळते," चिमणी म्हणाली. "हे बघ. सैल धरायचं आणि थोडं थोडं इकडे आणायचं." आणि तिने मला खिडकीपर्यंत नेले आणि परत आणले. मी वळत होते, ती मला परत आणत होती. खिडकीबाहेर बघणारी ती मुलगी सबंध फेरीभर माझ्या चाकावर डोळा ठेवून होती.

बाईंनी फोन खाली ठेवला. चिमणीने दाखवले तसा माझा दांडा सैल धरला आणि एक फेरी मारून पाहिली. मग म्हणाल्या, "ताई, मातीचं पोतं कुठलं गं?"

"परत पसारा?"

"पसारा नाही. बदक हाताला कळल्याशिवाय मला कागदावर येत नाही. हे मलाच ठाऊक नव्हतं."

ताईने कपाळाला हात लावला, पण माळ्यावर तीच चढली.

त्या दिवसापासून माझ्या फळ्यांना काम लागले. वर, चिमणीच्या बाहुलीच्या जागी, फक्त आजचे चित्र. मध्ये त्याला सोबत करणारी एकच दुसरी गोष्ट, त्या वेळी माती. बाकीचे, कितीही लाडके असले, तरी तळाला. काम सोडून उठावेसे वाटले, की बाईंनी मला हलक्या हाताने खिडकीपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. त्यानंतरही दुसरेच करावेसे वाटले तर खुशाल करायचे. बहुतेक वेळा फेरीनंतर त्या पुन्हा चित्रालाच बसत. काही वेळा नाही बसल्या. दूधही एकदा उतू गेले.

मातीचे बदक झाले, दिव्याखाली ठेवले, त्याची सावली कागदावर आली. प्रकाशकबाईंनी ते पान बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हळू बोला, उठेल ते." चित्र वेळेत पोहोचले होते.

पुढे एकदा ताई म्हणाली, "आमच्या गल्लीत एक जण चाकं सरळ करून देतो. नेऊ का हिला?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "हात बसलाय आता."

पुढच्या खेपेला ताई गोळ्यांबरोबर तेलाची छोटी बाटली घेऊन आली आणि जमिनीवर मांडी घालून स्वतः माझ्या चाकांत तेल घातले. आता मी वळते, पण कुरकुरत नाही.

माझ्या तळाच्या फळीचा एक कोपरा हल्ली चिमणीचा आहे. तिथे शिंपले आहेत, एक अर्धवट पतंग आहे, आणि आज काय नवीन असेल कोण जाणे. शाळेतून अजूनही तेच निरोप येतात. तिची आई ते ऐकते, काळजीही करते, पण पूर्वीसारखी पुटपुटत नाही. लेकीला जवळ घेऊन विचारते, "खिडकीबाहेर काय होतं गं आज?"

तर मित्रांनो, तुमच्या घरी, वर्गात किंवा तुमच्या स्वतःतही माझ्यासारखे एखादे डावीकडे ओढणारे चाक असेल. त्याला जिन्याखाली टाकू नका. घट्ट आवळूही नका. सैल धरा, वळले की परत आणा, आणि अधूनमधून तेल घाला. आम्ही उशिरा का होईना, खिडकीपर्यंत पोहोचतो, आणि परतही येतो.