शालनबाईंची चौथी नाल

वाकडला आमच्या सोसायटीत तीन दारांवर ज्योतीरामकाकांची नाल आहे. काका चाकणचे नालबंद. त्यांनी ती ठोकली होती घोडीला. पण दर वरातीत एक निघून पडली आणि ज्याला सापडली त्याने दाराला लावली. सापडलेली नाल शुभ, म्हणून तक्रार कोणीच केली नाही. उलट कमिटीने काकांना शाल दिली. चौथी नाल शेजारच्या शालनबाईंनी आपल्या दारासाठी आधीच सांगून ठेवली होती.

घोडीवाला दिग्विजय मात्र वैतागला होता. रविवारच्या वरातीत पुन्हा नाल पडली, तर घोडी यापुढे देहूरोडच्या नालबंदाकडे जाणार होती. काकांकडे नेहमी येणारी अशी ती एकच घोडी उरली होती.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. परत आलेला माल आम्ही आधी मोजतो. स्टुलावर चढून मी तिन्ही दारांवरची नाल मोजली, फोटो काढले आणि शनिवारी शिफ्ट सुटल्यावर काकांकडे गेले. फोटो पाहून ते म्हणाले, तिन्ही पुढच्या डाव्या पायाच्या. माझ्या मापात तिन्ही बाहेरच्या अंगाला तीन मिलिमीटर जास्त झिजलेल्या.

काकांनी दोष आधी रस्त्याला दिला, मग घोडीच्या नाचाला. घोडी डाव्याच पायावर नाचते का, असं विचारल्यावर त्यांनी चहा मागवला.

"चाळीस वर्सं नाल ठोकतोय, ताई. आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई."

"तुमची नाल पडली की आम्हाला मिळते, काका. नाव कोण ठेवेल?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "दिग्विजय घोडी आणतोय. थांबा, आन् बघा."

मी बघितलं. डावा गुडघा दुखतो म्हणून काका एका अंगाला कलून उभे राहत, आणि खुराची बाहेरची कड कानशीतून सुटे. तासलेल्या खुरावर मी मोबाइल ठेवून पातळी दाखवली. दोन अंशांचा कल.

काका दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, पुन्हा तासलं. एक अंश. पुन्हा.

"आता?"

"अर्धा."

"अर्धं घोडीला कळतं व्हय?"

"तिलाच कळतं."

त्यांनी कानस पुन्हा उचलली.

रविवारी वरातीत घोडी गेटपर्यंत दोन तास नाचत आली. शालनबाई मागून खाली बघत चालत होत्या. काही पडलं नाही.

सोमवारी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'नालबंदाचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही.'

मी तो मेसेज काकांना पाठवला. त्यांनी तो स्टेटसला ठेवला.