ढाल नसलेलं यंत्र

रत्नागिरीत एखादं काम लांबवायचं असेल तर कारण शोधत बसावं लागत नाही. गणपती झाले की बघू, शिमगा झाला की बघू, आंब्याचा हंगाम आटपला की नक्की बघू, एवढं म्हटलं की वर्ष सरतं, आणि आपण काही टाळलं असं कुणाला वाटतही नाही. गुरुप्रसाद नागवेकर तर कामाला वाघ माणूस होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं आणि तिथे त्यांनी काजूच्या बिया फोडायचं एक नवं यंत्र तयार केलं होतं.

त्यांच्या पत्नी ज्ञानेश्वरी लग्नानंतर बरीच वर्षं काजूच्या कारखान्यात कामाला जात. टरफलातल्या तेलाने त्यांची बोटं सोलवटून काळी पडली होती आणि एका दुपारी कटरच्या पात्याने उजव्या अंगठ्याचं टोक नेलं. तेव्हापासून गुरुप्रसादांनी ध्यास घेतला. त्यांच्या यंत्रात हात आणि पातं यांच्यामध्ये पोलादी ढाल होती. ना बोट आत जायचं, ना तेल अंगावर उडायचं. पात्यापेक्षा त्या ढालीवरच त्यांची जास्त मेहनत गेली होती.

त्यांची भाची राही पुण्यात पेटंटचं काम करायची. तिने जूनमध्ये मामांचा भारतातला अर्ज भरून दिला. त्यानंतर गणपती आले. नागवेकरांच्या घरची रीत अशी, की घरात आलेली नवी वस्तू आधी गणपतीसमोर ठेवायची. तेव्हा मखराच्या बाजूला यंत्र मांडलं गेलं. आरतीला आलेल्या प्रत्येकाला गुरुप्रसाद ते झाकण उघडून दाखवत होते, पातं कसं फिरतं, ढाल कुठे बसते, सगळं अगदी हौसेने. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले आणि प्रसाद खाता खाता जगाला दाखवून टाकले.

राहीने मामांना पडवीत गाठलं. "मामा, आपला अर्ज फक्त भारतापुरता आहे. बाहेर जिथे जिथे काजू फोडतात, तिथे वेगळा अर्ज करायला हवा. इथल्या अर्जापासून बारा महिन्यांच्या आत केला, तर तिथेही आपली इथलीच तारीख धरतात. बारा महिने उलटले, की मशीन सगळ्यांनी पाहिलेलं. मग तिथे कुणी पेटंट देणार नाही."

"अगो, पण पेटंट म्हणजे पेटंट. सरकारचा शिक्का असतो ना त्याच्यावर?"

"आपल्या सरकारचा. तो दुसऱ्या देशात कोण मानेल? सगळ्या जगाला चालेल असं एकच पेटंट नसतंच, मामा. एक आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, त्याने कुठले देश निवडायचे ते ठरवायला वेळ मिळतो. पण तोसुद्धा याच बारा महिन्यांत करायचा."

गुरुप्रसाद हसले. "आपल्याला कुणाला अडवायचंय गो? तिकडच्या बायांनी वापरला मशीन, त्यांची बोटं वाचली, तर चांगलाच झाला की."

"बोटं वाचावीत म्हणूनच सांगतेय. उद्या कुणी ते वाईट बनवलं, तर तुम्ही कुठल्या नात्याने बोलणार?"

"बरं बरं. गणपती होऊन जाऊ देत, मग वायच निवांत बघू."

गणपती गेले. भाताची कापणी झाली. राहीचा फोन आला तेव्हा शिमग्याची पालखी दारात होती. पुन्हा आला तेव्हा आंब्याचा हंगाम ऐन भरात होता आणि वर्कशॉपमध्ये आंब्याच्या पेट्यांना खिळे मारायच्या मशीनची दुरुस्ती चालू होती. जून आला आणि मुदत संपली. त्या दिवशी नागवेकरांच्या घरी कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. भाकरी रोजच्यासारखी झाली, माशांचं कालवण रोजच्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी गुरुप्रसादांचा चुलतभाऊ विनीत जहाजावरून सुट्टीला आला आणि तडक वर्कशॉपमध्ये शिरला. ज्ञानेश्वरी डबा घेऊन तिथेच आल्या होत्या.

"दादा, तुझा मशीन मी आफ्रिकेत बघितला! आमचं जहाज काजू भरायला बंदराला लागलं होतं, तर तिथल्याच एका कारखान्यात ओळीने लावलेत."

गुरुप्रसादांचा चेहरा उजळला. हात पुसून ते मोबाईलवर वाकले. लांबच लांब शेड, यंत्रांची रांग आणि प्रत्येकापुढे एक बाई. पात्याचा बाक त्यांचाच, खाचही त्यांचीच. "वा रे! हुबेहूब केलाय," ते कौतुकाने म्हणाले.

ज्ञानेश्वरींनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "ढाल कुठे आहे?"

ढाल नव्हती. एकाही यंत्राला नव्हती. बायांची उघडी बोटं पात्याला खेटून बिया सरकवत होती. रांगेच्या शेवटी एक बाई बसली होती, तिच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"तिची दोन बोटं गेली, वहिनी," विनीत हळू आवाजात म्हणाला. "मी मुकादमाला विचारलं. म्हणाला, मशीन बनवणारा ढाल लावतच नाही. त्याशिवाय स्वस्त पडतो आणि कामही भरभर होतं."

ज्ञानेश्वरींनी फोन टेबलावर ठेवला. डबा तसाच ठेवून त्या घरी निघून गेल्या. गुरुप्रसादांना त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही.

विनीतकडून नाव मिळवून राहीने ती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला मेल केला. उत्तर फार सभ्य आलं. आमच्या देशात या यंत्रावर कुणाचाही हक्क नोंदलेला नाही, असं त्यात होतं. आणि खाली एक ओळ: आपल्या सणातला व्हिडिओ आम्हाला अतिशय उपयोगी पडला, आभार.

"केस करू," गुरुप्रसाद म्हणाले.

"कशावर करणार, मामा? तिथे आपलं काहीच नाही. त्यांनी कुठलाही कायदा मोडलेला नाही."

"मला त्यांच्याकडून काही नको गो! फक्त ढाल लावा म्हणतोय मी!"

"तेच सांगायचा तो हक्क होता!" राहीचाही तोल सुटला. "पेटंट म्हणजे नुसती कमाई वाटली तुम्हाला. तिथे ते आपलं असतं, तर परवानगी देताना अट घातली असती, ढालीशिवाय एकही मशीन विकायचं नाही म्हणून. ऐकलं नसतं तर कोर्टातून थांबवलं असतं. कुणाला अडवायचं नाही म्हणालात ना? अडवायलाच हवं होतं, मामा."

गुरुप्रसाद खाली बसले. आपण मोठ्या मनाचे, असं ते इतकी वर्षं समजत होते. त्या मोठेपणात आपला कंटाळा लपला होता, हे त्यांना आता दिसलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले. ढाल आणि पातं त्यांनी असं जोडलं, की ढाल काढली तर पातं फिरणारच नाही. जमलं त्या दिवशी त्यांनी कुणालाही बोलावलं नाही. विनीतने व्हिडिओसाठी खिशात हात घातला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "आधी राही. मग सगळे."

राही आली. आधी भारतातला अर्ज झाला, आणि त्याच बैठकीत बाहेरच्या देशांच्या अर्जाची तारीखही ठरली. शिमगा मध्ये येत होता, म्हणून गुरुप्रसादांनी ती शिमग्याच्या आधीची घ्यायला लावली.

ज्ञानेश्वरी चहा घेऊन आल्या. "राही, आता तरी ते जुने मशीन बंद होतील ना गो?"

राहीने मान खाली घातली. "नाही, मामी. ते आता कुणालाच थांबवता येणार नाहीत."

वाचकहो, आपल्याकडे घराघरांत कल्पक माणसं आहेत. काही नवं केलंत, तर ते दाखवायच्या आधी त्याचा हक्क नोंदवा, आणि इथली नोंद देशाच्या हद्दीपाशी संपते हे विसरू नका. बाहेरचा हक्क मुदतीतच मागावा लागतो. तो मागण्यात हावरेपणा नाही. आपण बनवलेल्या वस्तूने कुणाचं वाईट होऊ नये, हे पाहण्याचा तेवढाच एक मार्ग आपल्या हाती असतो. गुरुप्रसादांनी तो सणा-हंगामांपायी गमावला. तिकडच्या शेडमध्ये आज सकाळीही ती यंत्रं सुरू झाली असतील, आणि त्यांच्यापुढे बाया बसल्या असतील.