एक काडी गव्हाणीसाठी

डिसेंबरची ती धूसर, दवभिजली, केळीच्या पानांवरून थेंबाथेंबाने ओघळणारी सकाळ. वसईच्या वाडीतल्या विहिरीवर धुक्याचा शुभ्र पदर; सुरूच्या बनापलीकडे समुद्राचा मंद, अखंड, पुरातन उच्छ्वास. कापणी झालेली शेतं सोनपिवळी, निःशब्द. आणि अंगणाच्या कडेला नव्या पेंढ्याची उडवी, उन्हाचा वास उराशी जपणारी.

आगमनकाळ. येणाऱ्याची वाट पाहण्याचे, नाताळआधीचे चार आठवडे. चार रविवार, चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या: प्रतीक्षेच्या, प्रार्थनेच्या, मौनाच्या. एक गुलाबी: तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

आज तिसरा रविवार.

ओटीवर मेल्विनने बांबूच्या कामट्यांचा गोठा उभारला होता. त्यात मातीचे मेंढपाळ, मातीची मेंढरं, गुडघे टेकलेली नीलवस्त्रा मरिया. आणि मधोमध वीतभर लांबीची गव्हाण. रिकामी. बाळ येशू अजून बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कापसाच्या ढगात निजलेला. नाताळच्या मिस्सेपर्यंत, चर्चमधल्या त्या प्रार्थनेपर्यंत, त्याने तिथेच निजायचं, ही त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

मेल्विनची बायको जोव्हिटा. रसायनशास्त्र शिकलेली, प्रत्येक गोष्ट दोनदा पडताळून पाहणारी. तिने सुरूच्या डहाळ्या वाकवून मेणबत्त्यांचं हिरवं कडं गुंफलं. साडेचार वर्षांच्या लेकीला, सियोनाला, करवंट्यांतून नाचणी पेरायला दिली, गोठ्याभोवती हिरवी शेतं हवीत म्हणून. आणि एक नियम सांगितला: एक चांगलं काम, एक काडी. चांगुलपणाच्या काड्यांनी गव्हाण मऊ करायची, येणाऱ्या बाळाला टोचू नये म्हणून.

सियोनाने नियम मनावर घेतला. जरा जास्तच.

"मी आज मांजराला लाथ नाही मारली. एक काडी."

"न केलेल्या पापांच्याही काड्या?" रेमेतआजी, मेल्विनची आई, पदराआड हसली. "मग आपली उडवी पुरायची नाही गं बाय!"

नाचणीचंही तसंच. रोज सकाळी एक इवलं बोट मातीत शिरे, एक दाणा उकरून वर काढी, डोळ्यांजवळ धरी आणि पुन्हा पुरून टाकी.

"अगं, रोज उकरलंस तर उगवायचं कसं ते?" जोव्हिटा विचारी.

"आत आहे का बघते."

आत आहे का बघते. जोव्हिटाचा हात नकळत पोटावर जाई. तीही तेच करीत होती. तासातासाला, क्षणाक्षणाला, आपल्याच काळोखाची माती उकरून पाहत होती.

कारण गेल्या वर्षी, दुसऱ्या जांभळ्या मेणबत्तीच्या रविवारी, आठव्या महिन्यात, एक बाळ आलं होतं. निळसर, निश्चल, सुंदर. पापण्या मिटलेल्या, मुठी मिटलेल्या. ते रडलं नाही. घर रडलं. त्या वर्षी गोठा मांडला नाही, कडं गुंफलं नाही. पाळणा माळ्यावर गेला, तो अजून माळ्यावरच होता.

आणि आता पुन्हा डिसेंबर. पुन्हा आठवा महिना.

मिस्सेची घंटा वाजली. मेल्विन आईला स्कूटरवरून चर्चला घेऊन गेला. जाताना रेमेतआजीने जोव्हिटाच्या हाती गुळाच्या पाण्याचा पेला दिला, काही विचारलं नाही. फक्त अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला.

न विचारताही तिला कळलं होतं. पहाटेपासून बाळ हललं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं: गोड काहीतरी घ्या, डाव्या कुशीवर पडा, मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, तर तडक निघून या. दाराशी पिशवी भरलेली. शेजारच्या अंगणात रिक्षा उभी. सगळं सज्ज. जोव्हिटाने पेला रिता केला. पण तिला पडवेना. पडलं की शांतता ऐकू येई. पोटातली ती घनदाट, अथांग, ओळखीची शांतता.

ती उठली. जड पावलांनी ओटीवर आली. धुक्यातून गाळून आलेलं फिकट ऊन गोठ्यावर सांडलं होतं. मेंढपाळ पाहत होते, मेंढरं पाहत होती, मरिया पाहत होती. आणि सगळ्यांच्या नजरेच्या टोकाशी ती रिकामी गव्हाण. रिकामी. माळ्यावरच्या पाळण्यासारखी रिकामी.

तिला ते सोसवेना. पुरे झालं पाहणं, पुरे झाली प्रतीक्षा. तिने डबा उघडला. कापूस बाजूला सारला. गुलाबी गालांचं, बोटाएवढं, थंडगार मातीचं बाळ उचललं आणि दहा दिवस आधीच पेंढ्यात निजवलं.

"आई!"

पाठीमागे सियोना. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, कमरेवर हात, अगदी आजीसारखे.

"अजून नाही ना गं! तो झोपला होता. उठवलंस कशाला?"



सियोनाने बाळ उचललं. फ्रॉकच्या घेरात पुसलं, कापसात ठेवलं, वर कापूस ओढला, डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर दोनदा थोपटलं. मग वळून न्यायाधीशाच्या गांभीर्याने म्हणाली, "तू नियम मोडलास. आता एक काडी परत."

तिने गव्हाणीतून एक काडी काढून घेतली. आई चटईवर, डाव्या कुशीला, गोठ्याकडे तोंड करून पडली. शिक्षा झालेल्या मुलीसारखी. आणि सियोना त्या काडीचं काय करावं या विचारात क्षणभर उभी राहिली. परत उडवीत नेऊन ठेवायची? अंगणात तर गार दव.

"ही बाळाकडे ठेवते," ती म्हणाली. आणि ती पिवळी, हलकी, पोकळ काडी तिने आईच्या पोटाच्या उंचवट्यावर आडवी ठेवली.

काडी वर जाई. काडी खाली येई. वर. खाली. ऊन तिच्यावर चढे, ऊन तिच्यावरून उतरे.

तो माझाच श्वास, जोव्हिटा मनाशी म्हणाली. शिकलेलं मन ते. आशेकडूनही पुरावा मागणारं. तिने श्वास रोखला.

काडी थांबली.

केळीच्या पानावरचा थेंब थांबला. समुद्र थांबला. मरिया वाकून पाहत राहिली. एक पळ. दोन पळं. मिटल्या मुठीएवढी, मिटल्या पापणीएवढी दोन दीर्घ पळं.

आणि रोखलेल्या श्वासावर, स्तब्ध देहावर, काडी थरारली. एका टोकाला उचलली गेली. कलली. आणि घरंगळत चटईवर पडली.

"आई, पाडली त्याने!"

जोव्हिटाने श्वास सोडला. त्या श्वासाबरोबर एक अख्खं वर्ष बाहेर पडलं.

"एक," ती म्हणाली. इतकंच.

मग ती मोजत राहिली. भीतीने नव्हे, जपमाळेच्या मण्यांवरून बोटं सरकावीत तसं. दोन. तीन. धुकं विहिरीवरून उठून सुरूच्या शेंड्यांत विरलं. सात. आठ. स्कूटर दाराशी थांबली, तेव्हा दहा झाले होते. आणि उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या रेमेतआजीने सुनेचा चेहरा पाहून डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी कड्यातली गुलाबी मेणबत्ती लागली. जांभळ्या दोन ज्योतींच्या शेजारी ती लाजरी, नवी, अरुणवर्णी ज्योत. ओटीवर प्रार्थना झाली. आणि 'आमेन'च्या पाठोपाठ, मूठ घट्ट मिटून दिवसभर सांभाळलेली ती काडी पुढे करीत सियोनाने विचारलं,

"बाळ हललं, हे चांगलं काम आहे ना गं?"

आईने मान डोलावली.

तेव्हा तिने ती काडी गव्हाणीत ठेवली आणि इवल्या तळव्याने पेंढा हळूच दाबला. मधोमध एक खळगा उमटला. पिवळा, मऊ, ज्योतीच्या उजेडाने काठोकाठ भरलेला खळगा.

डब्यात, कापसात बाळ निजलं होतं. करवंटीत नाचणी निजली होती. आणि गव्हाण रिकामी होती. पण आता ती रिकामी जागा नव्हती. राखून ठेवलेली जागा होती.