दोरीवरचा निळा शर्ट

ब्लासच्या बाल्कनीत निळा शर्ट वाळत होता. तोच, हुकूमशहाच्या काळात त्याची माणसं मिरवणुकीला घालायची तो. आणि सिप्रियानोला दिसला कधी? माद्रिदच्या संसदेत बंदूकवाले घुसले, इथे व्हॅलेन्सियात रणगाडे फिरले, त्याच संध्याकाळी! सकाळपर्यंत बंड आपटलं, शर्टही गुल.

सिप्रियानो बारवाला, वर नगरसेवक. आज लोकशाहीचा मोर्चा. बॅनरची एक काठी त्याच्या हातात, दुसरी ब्लासच्या, असं ठरलेलं. ब्लास म्हणजे डॉमिनोच्या डावातला त्याचा जुना जोडीदार. पण आता काठी द्यावी की नाही?

"सगळं गाव एका रात्रीत लोकशाहीवालं झालंय," तो बायकोला म्हणाला. "रणगाडे होते तेव्हा वाचा बसलेली एकेकाची."

"तू तरी कुठे गात होतास?" तोन्या म्हणाली. "पलंगाखाली होतास."

"पक्षाचं कार्ड लपवत होतो!"

"रात्रभर?"

त्याने तिच्या बोलण्याकडे काणाडोळा केला. त्याच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. हुकूमशहाच्या काळात शाळेत रोज उजवा हात ताठ वर करून म्हणावं लागायचं, त्या गाण्याची जुनी कॅसेट त्याने शोधून काढली. चोराच्या मनात चांदणं! ज्याचा हात शिवशिवेल, तो सापडला.

मोर्चाआधी बार भरला. ब्लास सोंगट्या मांडून बसलेला. सिप्रियानोने बटण दाबलं. ढोल वाजला, बार चिडीचूप. सिप्रियानोची नजर ब्लासच्या हातांवर. हात सोंगट्यांवरच.

"सिप्रि," ब्लास हळूच म्हणाला, "हात खाली घे."

सिप्रियानोने वर पाहिलं. त्याचाच उजवा हात, भांडी पुसायच्या फडक्यासकट, ताठ वर!

बार खदखदून हसला. तोन्याने कॅसेट बंद केली. "वा रे नगरसेवक!"

बाहेर बॅनर उलगडताना सिप्रियानोने ब्लासला विचारलंच, "त्या संध्याकाळी तो शर्ट बाहेर का काढला होतास रे?"

"तुझ्यासाठी, गाढवा. तुला धरायला आले असते तर तो घालून तुझ्या दारात उभा राहिलो असतो. म्हटलं असतं, हा आपलाच माणूस."

"मग धुतलास कशाला?"

"डांबरगोळ्यांचा वास मारत होता. त्यांना संशय आला असता."

खरं की थाप? ब्लासच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. तोही सिप्रियानोला तसाच निरखत होता, त्याच्या उजव्या हाताला.

सिप्रियानोने दुसरी काठी ब्लासपुढे केली. मग स्वतःची काठी उजव्या हाताने घट्ट आवळली. त्या हाताचा आता भरवसा नव्हता.

ब्लासनेही उजव्यानेच धरली.