कप्तानाची दाढी

माझ्या होडीत बसणाऱ्याला मी पहिल्या दहा मिनिटांत तीन थापा मारतो. पहिली, काळ्या कड्याखालच्या गुहेत एक म्हातारा ऑक्टोपस राहतो, त्याला माझ्या आजोबांनी विडीची सवय लावली. दुसरी, पलीकडच्या खाडीत पाणी एवढं नितळ की मासे लाजतात आणि दगडाआड कपडे बदलतात. तिसरी, माझं वय. सुट्टीवर आलेल्या माणसाला खरं ऐकायचं नसतं. खरं ते तो घरी कुलूप लावून ठेवून आलेला असतो.

ही गोष्ट मात्र खरी आहे. बकरीचा भाग सोडून.

मी सोतीरिस. माझी होडी ‘कालियोपी’, बायकोच्या नावाची. जून ते सप्टेंबर रोज अकराला धक्क्यावरून निघायचं, आमच्या ग्रीक बेटाच्या दक्षिण किनाऱ्याने चार खाड्या करायच्या, पाचला परत. लोक पोहतात, उन्हात पालथे पडतात, मी कोळशावर तारली भाजतो. काम म्हणाल तर एवढंच.

आमच्याकडे वाढदिवस पोरांचे. मोठ्या माणसाचा दिवस म्हणजे त्याच्या नावाचा सण. माझा, म्हणजे गावातल्या सगळ्याच सोतीरिसांचा, सहा ऑगस्टला येतो, नवी द्राक्षं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात त्या दिवशी. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, ताटात ग्लास आणि चमच्याने खायचं गोड मांडायचं, आणि बसून राहायचं. ज्याला तुम्ही हवे असता तो आपणहून येतो. बोलावलंत, की सण संपला, विनवणी सुरू झाली. कालियोपी होती तेव्हा तिच्या आंबट चेरीच्या गोडासाठी गाव लोटायचं. खुर्च्या पुरायच्या नाहीत.

ती गेली त्याला चार वर्षं झाली. सुतकाच्या रीतीप्रमाणे मी वर्षभरासाठी दाढी वाढवली. पहिल्या वर्षी दार बंदच ठेवलं. त्याच उन्हाळ्यात एका हॉटेलवाल्याने माझा फोटो काढून धक्क्यावरच्या फळ्यावर एवढा मोठा लावला, पांढरी दाढी, मागे निळं पाणी. झालं! जो येईल त्याला दाढीवालाच कप्तान हवा. लोक फोटो काढताना दाढीला हात लावून बघायचे, खरी आहे का म्हणून. वर्ष सरलं, न्हाव्याकडे जायचं राहिलं, पुढे मी ते विसरूनही गेलो.

दुसऱ्या वर्षी दार उघडलं. कालियोपीच्या वहीत बघून चेरी शिजवली. बारा ग्लास मांडले. एकही माणूस आला नाही. तिसऱ्या वर्षीही तेच. रस्त्यात भेटले की हळू आवाजात ‘खूप वर्षं जग’ म्हणायचे, खांद्यावर थोपटायचे आणि पुढे जायचे. दोन्ही वर्षी संध्याकाळी मी मागे तोंड धुऊन येईपर्यंत माझं दार वाऱ्याने आपटून बंद झालेलं असायचं. मी समजून गेलो. गाव चेरीसाठी यायचं, माझ्यासाठी नाही.

अथेन्सच्या बंदरावर, पिरेअसला, माझी बहीण स्तामातिया आहे. चौथ्या मजल्यावर राहते, तिच्या खिडकीतून समुद्र कमरेच्या पट्ट्याएवढा दिसतो. ती दर हिवाळ्यात फोनवर म्हणते, “एकटा काय कुजत बसलायस तिथे? होडी वीक, ये इकडे.” या जूनमध्ये मी तिला शब्द दिला, “यंदाच्या सणाला कोणी आलं नाही, तर येतो.”

जुलै संपत आला आणि एवांथियाबाई आल्या. अथेन्सच्या, निवृत्त शाळामास्तरीण. दहा दिवसांची सुट्टी, आणि दहाही दिवस माझ्याच होडीत. रुंद हॅट, शब्दकोडं, सावलीतली तीच जागा. शेजारच्या जागेवर स्वतःची पिशवी ठेवायच्या आणि तिथे कोणी बसायला आलं की डोळे वटारायच्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “पिशवीला पण समुद्र बघायचाय का?”

“लूकियाची जागा आहे ती,” त्या म्हणाल्या. “एकतीस उन्हाळे आम्ही दोघी मिळून सुट्टीला जायचो. यंदा नाही.” आणि कोड्यात डोकं घातलं. मी त्यांना ऑक्टोपसची गोष्ट सांगितली. त्यांनी मान वर न करता विचारलं, “विडी पाण्यात विझत नाही का?” एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला बाई आवडल्या.

सहा तारखेला त्या चर्चमधून थेट धक्क्यावर आल्या. कागदाच्या पुडीत आशीर्वादाची द्राक्षं होती. तिसऱ्या खाडीत बाकीचे पोहायला उतरले तेव्हा त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली.

“घ्या कप्तान. खरं तर संध्याकाळी घरी येऊन दिली असती. माझी बोट सातची आहे, वेळ होता. पण म्हटलं, सुतकाच्या घरी परक्या बाईने कशाला जावं.”

“कुठलं सुतकाचं घर?”

“तुमचं.”

“अहो, तिला जाऊन चार वर्षं झाली!”

“तेच ना. चार वर्षं, आणि तुम्ही अजून दाढी उतरवली नाहीत.” त्यांनी बोटाने माझ्या छातीपर्यंतचा पसारा दाखवला. “तुमच्या शेजारच्या असिमीनाबाईंनी पहिल्याच दिवशी मला दम भरला. म्हणे, त्याच्यापुढे सणाचं नाव काढू नका, जखम अजून ओली आहे. सगळं गाव सांभाळून असतं म्हणे तुम्हाला.”

मी तारली उलटायला विसरलो. अर्धी जळली. सुट्टीवरच्या लोकांनी कुरकुरीत म्हणून मिटक्या मारत खाल्ली.

त्या दिवशी चौथी खाडी मी गाळली. सांगितलं, आज तिथे माशांचं लग्न आहे, परक्यांना मज्जाव. चारला घरी. दार सताड उघडं टाकलं, ताट मांडलं आणि मागच्या आरशापुढे कालियोपीची शिवणाची कात्री घेऊन उभा राहिलो. दाढी कसली, जहाजाचा दोर होता तो. कात्रीने कापून साबण लावला, वस्तरा घेतला. डावा गाल उतरला आणि बाहेर बायकांचे आवाज आले.

“बघ, पुन्हा उघडं टाकलंन.” ही असिमीना.

“वाऱ्याने घरभर धूळ होईल गं त्याच्या. ओढून घे.”

“दर वर्षी मीच ओढते. आजच्याच दिवशी विसरतो बघ. डोकं ठिकाणावर नसतं बिचाऱ्याचं.”

“चार वर्षं! आमचा तो माझ्यामागे चार तास थांबायचा नाही. पोटात भूक लागली की उठून बेकरीवाल्या सोतीरिसकडे ताटावर बसेल.”

“चल, आपण तरी तिथे जाऊन बसू. उशीर झाला.”

हसल्या. कडी वाजली. दार लागलं.

मी वस्तरा धरून उभा. एक गाल सणाचा, दुसऱ्यावर साबणाखाली अजून सुतक. एक हाक मारायची होती. पण काय हाक मारणार? ‘आत या’ म्हटलं की ते बोलावणं झालं. तोंड उघडलं, तोंडात साबण गेला, आणि पावलं उताराकडे निघून गेली.

मग उरलेला गाल केला. दार उघडलं. बारा ग्लासांपुढे बसलो. खालच्या आळीतून, बेकरीवाल्याच्या घरून हसणं वाऱ्यावर येत होतं. त्याची बायको विनोद सांगते वाटतं. चांगले नसतात तिचे.

साडेसहाला दगडांवरून चाकांच्या बॅगेचा खडखडाट आला. दारात हॅट उभी राहिली.

“माफ करा हं. कप्तान सोतीरिस इथेच राहतात ना?”

“राहायचा. दुपारी ऑक्टोपसने नेला. मी त्याचा धाकटा भाऊ.”

“अगबाई!” त्या चौकटीला धरून हसायला लागल्या. “एवढ्या दाढीखाली एवढीशीच हनुवटी?”

“बसा. बसून हसा.”

त्या बसल्या. पिशवी सवयीने शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मी पाण्याचा ग्लास भरला, गोड वाढायला घेतलं आणि विचारलं, “लूकियाबाईंना पण वाढू का?”

त्यांनी पिशवी खुर्चीवर नीट सरळ केली. मग म्हणाल्या, “वाढा. तिला चेरी आवडायची नाही. तिचं मी खाईन, नेहमीसारखं.”

दोन्ही वाट्या आणि दोन्ही ग्लास त्यांनी संपवले. साखर जास्त झाली आहे म्हणाल्या. “खूप वर्षं जगा, कप्तान,” असं मोठ्याने म्हणाल्या, थोपटलं वगैरे नाही. पुढच्या उन्हाळ्याचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. बोटीचा भोंगा झाला. मी बॅग उतारापर्यंत नेली. धक्क्याकडे जाताना त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं, ते हॅट उडाली म्हणून.

परत आलो तर फोन वाजत होता.

“खूप वर्षं जग रे,” स्तामातिया म्हणाली. “किती आले?”

“एकशे चाळीस. पाद्रीबुवांना जागा उरली नाही, त्यांना बकरीवर बसवलं.”

“सोतीरिस. खरं सांग.”

मी ताटाकडे पाहिलं. दहा ग्लास कोरडे होते.

“दोन.”

“कोण?”

“अथेन्सची एक बाई, आणि तिची मैत्रीण. मैत्रीण फारसं बोलली नाही.”

तिने तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नंतर म्हणाली, “मग? खोली आवरून ठेवू का नको?”

“नको. दोन म्हणजे कोणी नाही असं होत नाही.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी मी उन्हाळाभर गुळगुळीत असणार. हॉटेलवाला बोंबलेल, बोंबलू दे.”

फोन ठेवला. वारा वाढला होता. खालच्या आळीत अजून हसत होते. होडीचा जुना नांगर परसात पडलेला, तो ओढत आणला आणि दाराला टेकवला. आता वाऱ्याला काय, असिमीनालाही ते दार ओढता येणार नव्हतं. मग माझ्या खुर्चीत जाऊन बसलो, रस्त्याकडे तोंड करून, उघड्या गालांना वारा लागत होता तो तसाच लागू दिला.